पोट कसं हाय?

केणेबाईंकडे डोळे दाखवायला गेलेल्या माणसाला बाई पहिला प्रश्न विचारत, "पोट कसं हाय?"

नवा माणूस गोंधळून जाई. आपण भलत्याच डॉक्टरकडे शिरलो की काय म्हणून दारावरची पाटी वाचायला मागे वळे, आणि पाटी वाचता येत नाही म्हणूनच आलोय हे आठवून पुन्हा खुर्चीत बसे. मोतीबिंदूचा आजोबा असो, डोळ्यात कापसाचं तूस गेलेला पॉवरलूमवाला विणकर असो, नाहीतर नंबर वाढला म्हणून रडणारी कॉलेजकन्या असो, बाईंची सुरुवात पोटापासून. दुखतं का, फुगतं का, हाताला कुठे कडक लागतं का. मग सवडीने डोळे. एकदा आमच्या भागातले एक पुढारी डोळा आला म्हणून आले, मागे चार माणसं घेऊन. बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं. इतक्या वर्षांत पुढाऱ्यांच्या पोटाची चौकशी कोणी केली नसावी. ते जे सुरू झाले ते संध्याकाळपर्यंत थांबले नाहीत, आणि बाहेरची रांग पार कोसांवरच्या अंबाडी गावाला जाऊन टेकली.

बरं, अंबाडीला नाही. कोपऱ्यावरच्या फालुद्याच्या गाडीपर्यंत गेली होती. पण अंबाडी म्हटलं की रांग डोळ्यांसमोर उभी राहते, फालुद्याने राहत नाही.

माझं चष्म्याचं दुकान बाईंच्या दवाखान्याला खेटून. मधली भिंत इतकी पातळ की बाईंनी तिकडे नंबर सांगितला की मी इकडे भिंग काढून ठेवायचो. मी वाढवून बोलतो असं लोक म्हणतात, ते खरं आहे. माझा धंदाच बारीक गोष्ट मोठी करून दाखवण्याचा. वडिलांनी दुकान दिलं तेव्हा जिभेसकट दिलं. बाई मला 'थापाड्या' म्हणत, आणि खूष असल्या तर 'वशा'. आता गेल्या वर्षी बाई गेल्या, दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, आणि रिक्षावाले अजून विचारतात, "वो पेटवाली मैडम किधर गयी?" डोळ्यांच्या डॉक्टरला पेटवाली म्हणणारं भिवंडीसारखं दुसरं गाव पृथ्वीवर नसेल. ती पेटवाली कशी झाली, ते मला सांगायचं आहे.

बाई मूळच्या भिवंडीजवळच्या खाडीकाठच्या काल्हेरच्या. शेतं होती तिथे आता गोदामं उभी आहेत आणि भाऊ जनादादा गळ्यात बोटभर जाडीची साखळी घालून त्यांचं भाडं बघतो. बाई तेवढ्या शिकायला मुंबईला गेल्या, डोळ्यांच्या डॉक्टर होऊन आल्या, पण काल्हेरची बोली घेऊन गेल्या तशीच परत घेऊन आल्या. त्यांच्या तोंडात 'ळ' काही शिरला नाही. डोल्यांची डॉक्टर डोलाच म्हणायची. आवाज असा की एकदा शिंकल्या तेव्हा मागच्या गल्लीतले दोन लूम बंद पडले. मालक भांडायला आला, तर बाईंनी त्याची पापणी वर करून त्यालाच थेंब लिहून दिले.

दुपारच्या डब्यात सुकट नाहीतर सुका बोंबील. याला माझी हरकत नव्हती, पण डोळ्याच्या आतला पडदा बघायचा म्हणजे डॉक्टरचं तोंड पेशंटच्या नाकापासून दोन बोटांवर येतं. म्हणून बाईंच्या गालात कायम लवंग. जेवण झालं की एक, पेशंट आत आला की दुसरी. बाई गेल्यावरही तासभर खोलीत लवंग दरवळत असे. लहान मुलं त्यांना 'लवंगवाली आंटी' म्हणत आणि टॉर्चला घाबरण्याऐवजी नाक पुढे करून वास घ्यायला बघत.

बाई माणसाच्या चेहऱ्याकडे कधी बघतच नसत, थेट डोळ्यांत. नाव विसरत, डोळा विसरत नसत. बाजारात कोळणीकडून मासळी घेताना आधी मासळीचा डोळा बघत, मग कोळणीचा, आणि दोन्हींवर मत देत.

जनादादाच्या मुलाची हळद मी कधी विसरणार नाही. आमच्याकडे लग्नाला माणूस एकवेळ चुकेल, हळदीला नाही. काल्हेरला त्या दिवशी इतका मोठा डीजे लावला होता की खाडीतले मासे काठावर येऊन ऐकत होते. नवरा मुलगा पाटावर, आणि हळद नखशिखांत. पोरं हळदीची पातेली एकमेकांवर ओतत होती. त्या पिवळ्या गर्दीत बाई नवऱ्याला हळद लावायला वाकल्या आणि तशाच थबकल्या. पर्समधून टॉर्च काढला. सगळ्या पाहुण्यांसमोर नवऱ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढली.

"डीजे बंद करा," बाई म्हणाल्या. डीजे बंद झाला, म्हणजे बाईंच्या आवाजापुढे तो तसाही ऐकू येत नव्हता.

जनादादा धावत आला. "अगं ताई, काय झालं?"

"हलद अंगाला लागते रं जना. डोल्याच्या आत न्हाय लागत. याला कावील हाय."

आणि खरंच होती. शेकडो माणसांनी त्याला हळद लावली, पण तो आतून पिवळा आहे हे एकट्या बाईंना दिसलं. नवऱ्याने सप्तपदी उसाच्या रसावर पार पाडली. पुढे बरा झाला, दोन मुलांचा बाप झाला. आणि मी तर गावभर सांगत सुटलो की आमच्या बाई डोळ्याच्या खिडकीतून आत डोकावून यकृत बघतात, फुप्फुस बघतात, काल काय जेवलात तेही बघतात. बाई ऐकून हसत. हे लक्षात ठेवा, तेव्हा त्या हसत होत्या.

दुसरी गोष्ट काल्हेरच्या रस्त्यावरची. मी बाईंच्या स्कूटरवर मागे बसलो होतो. ट्रकांची रांग लागली होती, ती माझ्या हिशेबाने नाशिकपर्यंत. शेजारच्या ट्रेलरचा ड्रायव्हर डोळे बारीक करून पुढे बघत होता. ते बारीक केलेले डोळे बाईंना पुरले. स्कूटर स्टँडला लावली, ट्रेलरच्या पायरीवर चढल्या.

"भैया, आगे के ट्रक का नंबर पढ़ो."

"कौन सा ट्रक, मैडम?" ड्रायव्हर म्हणाला.

बाईंनी हात आत घालून किल्ली काढून घेतली. मागचे भोंगे वाजवत होते, ट्रॅफिकवाला शिट्ट्या मारत होता. बाईंनी त्याचाही डोळा बघितला. शेवटी जनादादाच्या गोदामातला एक ड्रायव्हर बोलावून ट्रेलर बाजूला घेतला आणि त्या ट्रेलरवाल्या बिचाऱ्याला माझ्या दुकानात आणून चष्मा घातला. चष्मा लावून तो रस्त्यावर आला आणि कितीतरी वेळ नुसत्या पाट्या वाचत उभा राहिला. "इतनी सारी दुकानें हैं भिवंडी में?" म्हणाला.

अशा बाई. सगळं दिसणाऱ्या.

आणि मग सना आली.

दोनएक वर्षांची पोर, आईच्या ओढणीत तोंड खुपसून. आई शबनम, बाप सलीम लूमवर. उजेडात आणलं की ही रडते आणि डोळे उघडत नाही, एवढीच तक्रार. बाईंनी खिडकी लावली, दिवा मंद केला, पोरीने हळूच डोळे उघडले. भिंतीपलीकडून मला बाईंचा आवाजच आला नाही, म्हणून मी उठून बघायला गेलो.

आपल्या डोळ्यात बाहुलीभोवती रंगीत पडदा असतो. ऊन आलं की तो मिटतो, अंधार झाला की उघडतो. सनाच्या डोळ्यांत तो पडदाच नव्हता. दोन्हीकडे नुसती काळीभोर बाहुली, काठापर्यंत. डोळे जागच्या जागी हलत होते, वाऱ्यावर दिव्याची ज्योत हलते तसे. दिसायला इतके देखणे की मी म्हणालो, "बाई, हिच्या डोळ्यात काही कमी आहे असं वाटतच नाही."

"कमीच हाय रं," बाई म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजात आनंद होता. असा डोळा त्यांनी पुस्तकात पाहिला होता, माणसात पहिल्यांदा. हजारोंत एखादाच, म्हणाल्या. शिकारी माणसाला वाघ दिसावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

मी सनासाठी काळा चष्मा बनवला. एवढी बारीक फ्रेम मिळेना, तेव्हा खेळण्यातल्या बाहुलीला घालतात तसली वाकवून, मागे इलॅस्टिक लावून दिली. तो घालून पोर पहिल्यांदा दुपारच्या उन्हात माझ्या दुकानाबाहेर उभी राहिली. रस्त्यावरचे लोक थांबून बघत. कोणी म्हणालं, "हिरोईन आ गयी." तेच नाव पडलं. दर महिन्या-दोन महिन्यांनी सना यायची, बाई तिच्या डोळ्यांचे फोटो काढायच्या, डोळ्यांचा दाब मोजायच्या, शिकाऊ डॉक्टर आले की त्यांना दाखवायच्या. सना लवंगेच्या वासाने त्यांना ओळखायची. बाईंनी तोंड उघडायच्या आधी म्हणायची, "आंटी आयी."

अशाच एका भेटीत निघता निघता शबनम म्हणाली होती, "मैडम, इसका पेट थोड़ा कड़क लगता है. एक बाजू में."

बाई चिठ्ठी लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मैं आँख की डॉक्टर हूँ. पेट बच्चों के डॉक्टर को दिखा दो."

यात काय चुकलं? काहीच नाही. भिवंडीतला कुठलाही डॉक्टर हेच म्हणाला असता. दाराबाहेर माझ्या दुकानात चष्म्याचं इलॅस्टिक बदलून घेताना शबनम पुन्हा म्हणाली, "कीड़े होंगे." मीही म्हणालो, "कीड़ेच असणार." त्यानंतर सना यायची बंद झाली.

वर्षभराने ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांची बैठक होती. चष्मेवाल्यांना अशा ठिकाणी शेवटच्या रांगेत बसायला आणि पहिल्या पंगतीत जेवायला बोलावतात, म्हणून मी होतो. बाईंनी सनाच्या डोळ्यांवर भाषण केलं. पडद्यावर ते काळेभोर डोळे भिंतीएवढे मोठे. काय बोलल्या बाई. मला इंग्रजी अर्धं कळतं, पण मी पूर्ण टाळ्या वाजवल्या. दिवे लागले. मागच्या कोपऱ्यात लहान मुलांचे एक म्हातारे डॉक्टर बसले होते. ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "फार छान. मूत्रपिंडांची सोनोग्राफी काय म्हणते?"

बाई माइकसमोर उभ्या होत्या. माइक घूं घूं करत होता.

म्हाताऱ्या डॉक्टरांना वाटलं ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. बाई म्हणाल्या, "धन्यवाद," आणि खाली उतरल्या. जेवायला थांबल्या नाहीत. मीही थांबलो नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना यावरूनच प्रसंग किती गंभीर होता ते कळेल.

स्कूटरवर मी विचारलं, "बाई, डोळ्याचा आणि मूत्रपिंडाचा काय संबंध?"

बाईंनी एक ट्रक मागे टाकला. मग म्हणाल्या, "लूमच्या तान्यात उभे तार शेजारी शेजारी असतात ना रं, तसेच अंगात जनुकांचे. डोल्याचा पडदा बनवनारा तार, आनि मूत्रपिंडात गाठ न होऊ देनारा तार, दोन्ही शेजारी. कधी एकच तुटतो, कधी कधी दोन्ही. म्हनून असा डोला दिसला की पोट बघायचं. तीन-तीन महिन्यांनी बघत राहायचं, पोर मोठं होईपर्यंत. मी शिकलेय हे. परीक्षेत लिहिलंय." स्कूटर पुढे जात होती. "आनि तिच्या आयशीनं मला सांगितलं होतं."

सलीमचा लूम तोवर भंगारात गेला होता. त्याच्या जुन्या घरी गेलो तर शेजारच्यांनी सांगितलं, इथे जवळच पूर्ण्याला गोदामात हमालीला गेला. आम्ही तसेच पूर्ण्याला. पुढे ही शोधमोहीम मी दुकानात कितीतरी वेळा सांगितली. त्या गोष्टीत आम्ही चाळीस गोदामं पालथी घालतो, बाई ट्रकांच्या मधून स्कूटर काढतात, आणि शेवटी सूर्य मावळता मावळता काळ्या चष्म्यावर किरण चमकतो. खरं म्हणजे पहिल्याच टपरीवर चहावाल्याला विचारलं, "काला चश्मावाली छोटी बच्ची?" तो म्हणाला, "हिरोईन? पीछे की चाल में."

शबनम भाकऱ्या थापत होती. सना कोपऱ्यात अंधाराकडे तोंड करून बसली होती, हात बारीक झालेले, पोट मोठं. तिने नाक वर केलं. "आंटी आयी."

बाईंनी विचारलं, "पेट कैसा है?" त्या दिवशी पहिल्यांदा.

"वैसा ही है, मैडम. आपने बोला तो बच्चों के डॉक्टर को दिखाया था. उन्होंने कीड़े की दवा दी."

बाई खाली बसल्या. फ्रॉक वर करून एका बाजूला तळहात अलगद ठेवला, दाबला नाही, आणि तव्यावर पडल्यासारखा उचलला. शबनम त्या हाताकडे बघत होती. बाई म्हणाल्या, "चलो." एवढंच.

मग सोनोग्राफी, मग मुंबईचं मोठं हॉस्पिटल. उजव्या मूत्रपिंडात गाठ. आधी केमो देऊन ती लहान करायची, मग मूत्रपिंडासकट काढायची, मग पुन्हा केमो. ही गाठ बऱ्याचदा बरी होते, डॉक्टरांनी सांगितलं, लवकर सापडली तर थोडक्यात होते. 'तर' या शब्दावर बाईंनी मान खाली घातली.

केमोच्या दिवशी बाई दवाखाना बंद ठेवत. जनादादाची ती जहाजाएवढी गाडी मागून आणत, पूर्ण्याहून मायलेकींना घेत आणि मुंबईला जात. तिथे डॉक्टर म्हणून ओळख सांगत नसत. बाकावर आयांच्या ओळीत बसत. सनाचे केस गेले. एका आठवड्यात तिची एक पापणी खाली पडली ती वर होईना, तेव्हा शबनम घाबरली, डोळाही गेला म्हणून. बाईंनी समजावलं, औषधाने नस थकते, औषध संपलं की पापणी उठेल. वॉर्डातले दिवे पोरीला सोसत नसत, तर बाई पलंगाला आपल्या साडीचा पदर लावून तासन्‌तास वाकून उभ्या राहत. त्यांना कंबरेचं दुखणं लागलं ते तिथलं.

त्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर होता. असे डोळे असलेल्या मुलांना गाठ कधी होते, औषध किती लागतं, यावर त्याचं संशोधन चाललं होतं. बाईंनी सनाचे सगळे फोटो त्याला दिले. त्याने लिहिलेलं वाचायला दिलं, आणि बाई एका ओळीवर अडल्या. तिथे लिहिलं होतं, रुग्ण उशिरा आला.

"हे काढा," बाई म्हणाल्या. "पेशंट वेलेवर आली होती. दर महिन्याला आली होती. डॉक्टर उशिरा पोचली, असं लिहा."

तो बिचारा हसला. "मॅडम, असं लिहायची पद्धत नाही."

पुढच्या आठवड्यात त्याने बदल करून आणला. निदानास विलंब झाला.

"झाला म्हंजे?" बाईंचा आवाज त्या वॉर्डात पहिल्यांदा चढला. "विलंब आपोआप झाला? लेट यायला वाडा गावची यष्टी हाय काय ती?"

शेवटी त्याने ती ओळच गाळली. बाई परत आल्यावर माझ्या दुकानात येऊन म्हणाल्या, "बघ वशा. एका ओलीत मी मावत न्हाय."

जनादादाचं म्हणणं, पोरगी वाचतेय ना, मग ताई कशाला जिवाला लावून घेतेस. मी तर त्याच्या पुढचा. माझ्या दुकानातल्या गोष्टीने तोवर बाळसं धरलं होतं. केणेबाईंनी पोरीच्या डोळ्यात बघून पोटातली गाठ ओळखली, गोदामागोदामांतून शोधून तिला मरणाच्या दारातून ओढून आणली. लोक ठाण्याहून पेशंट घेऊन यायला लागले. हळदीची गोष्ट होतीच, तिला ही जोडून दिली की ऐकणारा माणूस न चुकता एक चष्मा घेऊन जायचा. एका दुपारी बाई पलीकडून आल्या, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबल्या.

"वशा, तुझ्या गोष्टीत मी लय चांगली हाय."

"आहातच, बाई."

"मला त्या गोष्टीतून काढ."

"बाई, लोकांना आवडते हो."

"माझ्या सख्ख्या भावाच्या पोराला कावील होती ती मला डीजेच्या गोंगाटात दिसली. आनि परक्याची पोर माझ्या खुर्चीत बसलेली, आई तोंडानं सांगतेय, तेव्हा माझी मान वर झाली न्हाय. ही गोष्ट सांग." मी फ्रेमा आवरायला लागलो. त्या दारातून म्हणाल्या, "न्हाय सांगनार तू. हिच्यात चष्मा इकला जात न्हाय."

मी सांगितली नाही. बाईच सांगायला लागल्या. पोट कसं हाय विचारायचं, पेशंट हसला की त्याला सांगायचं, मी एकदा विचारलं नव्हतं. कोणी खरं धरत नसे. लोकांना माझी गोष्ट पाठ होती. म्हणत, बघा किती मोठं मन आहे डॉक्टरीणबाईंचं.

एकदा केमोच्या दिवशी मीही गेलो होतो. सनाचा चेहरा वाळला होता आणि चष्मा नाकावर ठरत नव्हता, तो बसवायला. पोर आत होती. बाकावर शबनम, मधे बाई, टोकाला मी. बाईंनी एकाएकी सांगून टाकलं. काय शिकल्या होत्या, काय विसरल्या, एक वर्ष आधी पोट बघितलं असतं तर काय झालं असतं. हिंदीत, अडखळत, लवंग गालात तशीच. "गलती मेरी है, शबनम."

शबनम सनाचा छोटा टोप विणत होती, टकलावर घालायचा. सुया थांबल्या नाहीत.

"मालूम है, मैडम," ती म्हणाली. "आपने हाथ रखा और उठा लिया, उसी वक़्त मालूम पड़ गया."

"मग... फिर तुम कुछ बोली क्यों नहीं?"

"बोलूँ तो अगले हफ़्ते गाड़ी कौन लाएगा?"

आवाजात राग नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं ती म्हणाली. मग टाके मोजायला लागली. बाईंनी मान हलवली, दोन-तीनदा, जणू बऱ्याच दिवसांनी कोणीतरी बरोबर नंबर सांगितला. पुढच्या आठवड्यात त्या नेहमीपेक्षा लवकर गाडी घेऊन गेल्या.

सना बरी झाली. एका मूत्रपिंडावर, वाढ थोडी खुंटलेली, पण बरी. पापणी उठली, केस आले. शेवटची तपासणी झाली त्या दिवशी शबनमने बाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि "शुक्रिया" म्हणाली. त्यानंतर ती बाईंकडे कधी आली नाही. सनाचे डोळे ठाण्याला दुसऱ्या डॉक्टरकडे दाखवायला लागली. चष्मा मात्र माझ्याकडूनच, आणि तोही दुपारी, बाईंची जेवणाची वेळ बघून. बाईंना ते माहीत होतं. त्या वेळेला पलीकडून डबा उघडल्याचा आवाजही यायचा नाही. मायलेकी गेल्या की बाई भिंतीवर बोटाने टकटक करत. मी म्हणायचो, "बरी आहे." मग डबा उघडायचा.

बाईंची आणि मायलेकींची शेवटची भेट सांगतो. बाईंच्या चष्म्याची दांडी तुटली होती. त्या माझ्या दुकानात आतल्या स्टुलावर बसून मी ती बसवायची वाट बघत होत्या, जनादादाला शिव्या देत होत्या, नेहमीच्या आवाजात. तेवढ्यात काचेच्या दारातून शबनम आणि सना आत आल्या. वेळेआधी.

बाई शब्दाच्या मधेच थांबल्या.

सना आता आईच्या खांद्याला लागेल एवढी झाली होती, वेणी घातलेली, काळा चष्मा. तिला लांबचं नीट दिसत नाही, जवळचंही बेताचंच. शबनमने बाईंना पाहिलं. बाईंनी शबनमला. शबनम काउंटरकडे वळून म्हणाली, "भाईसाहब, इसकी फ्रेम टाइट हो गयी." माझ्या हातात बाईंचा चष्मा तसाच. मी हे पुसलं, ते पुसलं. एवढी मोठी जीभ माझी, त्या दिवशी तोंडात सापडेना. बाई स्टुलावर भिंतीला चिकटून बसल्या होत्या, श्वासाचासुद्धा आवाज येऊ देत नव्हत्या. ज्यांच्या शिंकेने लूम बंद पडत, त्या बाई. पोरीला कळू नये, आईला बोलावं लागू नये, एवढ्यासाठी.

सनाने नाक किंचित वर केलं. मग स्टुलाच्या दिशेला वळली, थोडी चुकून, बाईंच्या खांद्याच्या बाजूला बघत.

"पेट ठीक है, आंटी," ती म्हणाली.

शबनमने तिचा हात धरला. पण ओढला नाही.

बाईंनी मान हलवली. सनाला ती दिसली की नाही, मला सांगता येत नाही. मग त्या उठल्या, कंबरेवर हात ठेवून, मायलेकींना धक्का लागणार नाही अशा बेताने अंग चोरून दाराकडे गेल्या. बाहेर कडक ऊन होतं. बाई पायरीवर थांबल्या, हाताचा तळवा कपाळाशी धरला, सना उन्हात मिटायची तसे डोळे मिटून घेतले आणि शेजारच्या दवाखान्याकडे न वळता तशाच, चाचपडत एकेक पाऊल टाकत, रस्ता ओलांडायला लागल्या.

त्यांचा चष्मा माझ्याच हातात होता. मी हाक मारली नाही.